एकवीस दिवसांचं पाणी

मळवलीत स्टेशनाच्या पल्याड जे बंगले आहेत ना, पोहायच्या टाक्यांवाले, त्यातल्या निम्म्यांचे स्लॅब सीताराम गवंड्यानं टाकलेत. आजवर एक गळला नाही. हे तो स्वतःच सांगतो, कुणी विचारलेलं नसतं. पाव्हण्याचा चहा पिऊन होतो, कप उलटा पडतो, तरी याचं चालूच असतं.

"लोकं सिमेंटात पैसा घालत्यात आन पाण्याला कंटाळत्यात. स्लॅब वतला की एकवीस दिस पाणी मारायचं. गोणपाट वलं ठिवायचं. आन तवर त्याच्यावर कुणी पाय द्यायचा न्हाई. मालक आसला तरी."

खरंच एकदा मालकाला हाकललं होतं त्यानं. मुंबईचा माणूस, आठव्या दिवशी बायकोला घेऊन गच्चीवर चढायला लागला, लोहगड दाखवायला म्हणून. सीताराम थापी घेऊन जिन्यात आडवा झाला. मालक चिडला, मग हसला, मग पुढच्या दोन बंगल्यांची कामं यालाच दिली. तेव्हापासून याची मान जी ताठ झाली ती झालीच.

तर अशा माणसाच्या बायकोच्या मणक्यात डॉक्टरनं सिमेंट भरलं. पुढचं सगळं रामायण त्यातनं झालं.

सरूबाई एका बंगल्यावर झाडलोट करायची. शुक्रवारी पार्टी यायची म्हणून ती टाकीकडच्या पायऱ्या घासत होती. पायऱ्या शेवाळलेल्या. पाय गेला आणि ती तशीच बसकी आपटली. आठ दिवस तेल चोळलं, शेक घेतला, तरी उठता येईना. मग हायवेवरच्या एका दवाखान्यात फोटो काढला. मणका चेपला होता. वयानं हाड भुसभुशीत झालंय, डॉक्टर म्हणाला, सुईनं सिमेंट भरू, उद्या घरी.

"कंचं सिमेंट?" सीतारामनं विचारलं.

"हाडांचं असतं काका," डॉक्टर म्हणाला आणि फोनवर बोलत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सरूबाईची कंबर खरंच हलकी झाली होती. डॉक्टरनं कागद दिला, सांगितलं, आजपासून चालवा हळूहळू. सीतारामनं मान हलवली. आर्किटेक्टपुढं पण तो अशीच मान हलवायचा. व्हय साहेब म्हणायचं, नकाशा गुंडाळून ठेवायचा आणि आपल्याला ठाऊक तेच करायचं. काल वतलेल्या मालावर आज कोण चालतं?

घरी आल्या आल्या त्यानं पलंगावर स्लॅबखाली ठोकायची सेंट्रिंगची सपाट फळी टाकली, वर गोधडी. सरूबाईला निजवली. गोणपाट टोचेल म्हणून जुन्या पातळाचं फडकं घेतलं, ओलं केलं, तिला कुशीवर वळवून कमरेला लावलं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. शिवाय तासातासाला तांब्याभर पाणी प्यायचं. आतनं पण पाणी लागतं, असं त्याचं म्हणणं. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. एक.

"मी काय गच्ची हाय का?" सरूबाई म्हणाली. हसली पण.

"गप पड. एकवीस दिस. मंग खुशाल नाच."

त्यांची पोरगी रुपाली परंदवडीला दिलेली, तिथंच जवळच्या कंपनीत कामाला. सुटी मिळेना म्हणून तिचा फोनच आला. "आबा, आईला चालवताय ना?"

"डॉक्टरनीच झोपून ऱ्हायला सांगितलंय. एकवीस दिस," सीताराम म्हणाला. खोटं बोलतोय असं त्याला वाटलं पण नाही. डॉक्टरला सिमेंटातलं एवढं कळत असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं, असा हिशोब.

तिसऱ्या दिवशी सरूबाईला कोरडा खोकला लागला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अवं, श्वास पुरंना. छातीत टोचल्यावानी व्हतंय."

"फडकं गार लागत आसंल." आणि त्या दिवसापासनं तो पाणी कोमट करायला लागला.

सातव्या दिवशी ती म्हणाली, एकदा दाखवून येऊ. तो म्हणाला, गाडीत गचके बसले तर सगळं इस्कटंल. दहाव्या दिवशी शेजारची भागुबाई डबा घेऊन आली, बघून म्हणाली, "भाऊ, हिचे व्हट निळं पडल्यात की."

"जांभळं खाल्ली," सीताराम म्हणाला.

"जांभळं? आत्ता?"

त्यानं पुढचं ऐकलं नाही. बाहेर जाऊन उगाच घमेलं धुवत बसला. त्याला काहीच दिसत नव्हतं असं नाही. सरूबाई बोलताना मधेच थांबायची, एका वाक्याचे तीन तुकडे करायची, हे त्याला दिसत होतं. पण भिंतीवर दहा रेघा झाल्या होत्या. अर्ध्यात पाणी तोडलं की स्लॅबला भेगा जातात, हे त्यानं दुसऱ्यांच्या कामात शंभरदा बघितलं होतं. भेगा पडल्या म्हणजे परत दवाखाना, परत सुई. अकरा दिवस काढायचे, बास.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी तो पाणी तापवत होता तेव्हा सरूबाई आपली आपण उठली. मोरीपर्यंत गेली आणि उंबऱ्यात कोसळली. डोळे उघडे, तोंड उघडं, पण हवा आत जाईना.

गावातल्या गेणूची टमटम जागेवर नव्हती म्हणून भागुबाईच्या लेकानं कुणाची तरी गाडी काढली. वाटेत रुपालीला सोमाटण्याला उचललं. हायवेवरचा दवाखाना आला तसा सीताराम म्हणाला, "हितं नको." ते सरळ पुण्यातल्या मोठ्या इस्पितळात.

तिथं एक पोरगेला डॉक्टर कागद घेऊन आला. सरूबाईच्या तोंडाला ऑक्सिजनचा मुखवटा. रुपाली पायाशी.

"मावशी, धाप कधीपासून लागते?"

सरूबाईनं मुखवटा बाजूला केला. आधी नवऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "परवापासनं."

"त्याआधी काही नव्हतं?"

"काय न्हाई."

डॉक्टरनं सीतारामकडं बघितलं. "काका?"

"व्हय," सीताराम म्हणाला. "परवापासनंच."

लिहिलं गेलं. दोन दिवस.

मोठ्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी दहा वाजता भेटल्या. बाई बुटक्या, केस बारीक कापलेले, बोलणं शांत. कॉम्प्युटरवर त्यांनी सरूबाईची छाती उघडून दाखवली. सगळं काळं आणि त्यात पांढऱ्या फांद्या. सीतारामला ते बघताक्षणी कळलं. सेंट्रिंगच्या फळ्यांना फट राहिली की पातळ माल खाली उतरतो आणि तसाच सुकतो, अगदी तसं.

"हे सिमेंट आहे," बाई म्हणाल्या. "मणक्यात भरताना थोडं शेजारच्या शिरेत उतरलं. ती शीर हृदयाकडे जाते, हृदयातून रक्त फुफ्फुसात जातं. त्या वाटेनं हे तिथं जाऊन अडकलंय. उजवीकडं मोठा तुकडा, डावीकडं लहान."

"कुणाची चूक?" रुपालीनं विचारलं. तिचं पहिलं हेच.

"असं कधीकधी होतं. चांगल्या हातानंही होतं. बहुतेकांना त्रास होत नाही. यांना झालाय." बाईंनी कागदावर नळी काढली, तिच्यात काडी काढली. "आता मला प्रश्न एवढाच, हे तिथं कधी पोचलं. धाप परवापासून आहे, म्हणजे तुकडा इतके दिवस मणक्याजवळच लटकला असावा आणि परवा तुटून वर गेला असावा. तसं असेल तर तो अजून मोकळा आहे. मांडीच्या शिरेतून तारेचा फास वर नेऊन ओढून काढू. चार दिवसांत घरी."

"आन जुना आसंल तर?" सीताराम म्हणाला.

"तर त्याच्यावर रक्त साकळतं. आतलं अस्तर त्याला धरून बसतं. तेव्हा फास घालून ओढलं तर वाहिनी फाटेल, तिथंच संपलं. मग छातीचं हाड कापून, हृदय थांबवून, मशीनवर ठेवून, हातानं सोडवून काढावं लागतं. मोठं काम आहे ते. पण तुमचं तसं नाही." बाईंनी पेन बंद केलं. "स्कॅनवरून मला जरा शंका होती. पण पक्कं कळत नाही त्यात. म्हणून मग तुम्ही जे सांगता त्यावर जायचं. दुपारी दोनला घेऊ."

सीतारामनं सही केली. बाहेर आल्यावर रुपालीनं दोन चहा आणले. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. लहानपणापासून राग आला की तिची ती शीर उडते.

"आबा, त्या हायवेवाल्याला मी सोडत न्हाई."

"आता ते कशाला."

"कशाला म्हंजे? मी बाईंना मघा एकटीला गाठून इचारलं, असं एकवीस दिस झोपवून ठिवत्यात का? त्या म्हणल्या, कुणीच ठिवत न्हाई, दुसऱ्या दिशी चालवत्यात. आन त्यानं सांगितलं झोपवा. तुमच्यासारख्या साध्या माणसाला सांगितलं, तुमी बिचारं करत बसला. कंपनीतल्या एकाचा भाऊ वकील हाय. मी अर्जच करते. कुठं हाय तो त्याचा कागद? कागदावर लिवलं आसंल ना झोपवा म्हणून?"

कागद सीतारामच्या पिशवीत होता. पिशवी मांडीवर होती. "घरी ऱ्हायला," तो म्हणाला.

 त्याला हिशोब सरळ दिसत होता, तोच तर त्रास होता. गप्प राहिलं की मांडीला एक भोक, चार दिवसांत घर. बोललं की बायकोची छाती करवतीनं कापणार. असं कुठं असतं का, की खरं बोललं की कापायचं? शिवाय सरूबाई स्वतःच परवापासनं म्हणालीय. तिच्या तोंडचं आहे. आणि कुणी सांगावं, तुकडा खरंच परवा गेला असेल. आधीचा खोकला गारठ्याचा असेल.

पण त्यानं विटेला चिकटलेला जुना माल आयुष्यभर सोडवला होता. कोवळा असला तर बोटानं निघतो. महिन्याचा झाला की ओढायचा नाही, ओढला तर सोबत विटेचा टवका येतो. हे तो नवीन पोरांना शिव्या देऊन शिकवायचा. आणि चौथ्या दिवशी सरूबाई काय म्हणाली होती, कुठल्या कुशीवर असताना म्हणाली होती, ते त्याला शब्दाला शब्द आठवत होतं. छातीत टोचल्यावानी व्हतंय.

पावणेबाराला तो उठला. "मुतून येतो," म्हणाला आणि बाईंच्या खोलीकडं गेला. दारातल्या सिस्टरनं अडवलं.

"बाई राउंडला आहेत. नंतर या."

"नंतर उपेग न्हाई."

"काका, सगळ्यांनाच घाई असते."

"मी खोटं बोललोय," सीताराम म्हणाला. "ते सांगायचंय."

सिस्टरनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि फोन उचलला.

बाई आल्या. बसा म्हणाल्या, तो बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी खोकला. चौथ्या दिवशी धाप. दहाव्याला ओठ. फळी, फडकं, तांब्याभर पाणी, भिंतीवरच्या रेघा. सांगताना त्याची नजर बाईंच्या चपलेवर होती.

"पाणी कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"सिमेंट हाय म्हणून. पाणी मिळालं न्हाई तर जोर धरत न्हाई."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "काका, नावाला सिमेंट आहे ते. एक जातीचं प्लास्टिक म्हणा. दहा-पंधरा मिनिटांत दगडासारखं होतं. पाणी लागत नाही त्याला. त्या टेबलावरून खाली उतरायच्या आत ते पक्कं झालं होतं."

"दहा मिंटात?"

"हो."

एकोणीस दिवस. सकाळ-संध्याकाळ. 

"आणि पडून राहिल्यानं रक्त जास्त साकळतं," बाई म्हणाल्या. त्यांना हे सांगायचं नव्हतं असं वाटलं, पण सांगितलं. "दुपारचं रद्द करते. छाती उघडावी लागेल, उद्या सकाळी. कागद नवीन करायचे, तुमच्या मुलीची पण सही लागेल. तिला कारण सांगावं लागेल."

"मी सांगतो."

"आत्ता सांगा."

रुपालीला त्यानं जिन्यात सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडलीच नाही. पिशवीतनं तिनं कागद ओढून काढला, वाचला. आजपासून चालवावे. खाली रेघ मारलेली.

"मी फोनवर इचारलं व्हतं तुमाला," ती म्हणाली. "चालवताय ना म्हणून इचारलं व्हतं."

"व्हय."

"आई काय म्हणत न्हवती?"

"म्हणत व्हती."

"कितींदा?"

सीताराम पिशवीचे बंद गुंडाळत राहिला. रुपालीनं कागदाची घडी घातली, आपल्या पर्समध्ये ठेवली आणि त्याच्या अंगाला अंग लागू न देता खाली उतरून गेली.

राहिली सरूबाई. तिला वाटत होतं दोनला न्यायचंय. केस विंचरून घेतले होते तिनं सिस्टरकडनं.

"सांगितलं मी," सीताराम पलंगाच्या कडेला टेकून म्हणाला. "चवथ्या दिसापासनं हाय म्हणून."

सरूबाईनं मुखवटा खाली ओढला. "कुणी सांगितलं व्हतं... शाणपणा करायला?"

"ओढून काढलं आसतं तर फाटलं आसतं."

"आन आता?"

त्यानं बोट स्वतःच्याच छातीवरनं गळ्यापासनं खाली नेलं. सरूबाईनं ते बोट शेवटपर्यंत बघितलं. 

"मी कशासाठी... म्हणलं परवापासनं? म्हायती हाय का? लोकांनी तुमाला हसावं... न्हाई म्हणून. गवंड्यानं बायकूला... पाणी मारलं म्हणून."

"म्हायती हाय."

"रुपी?"

"बोलत न्हाई."

"बोलायची बी न्हाई." तिनं मुखवटा परत लावला. मग पुन्हा काढला. "भ्या वाटतंय मला. तुमी हितंच बसा. पर काय बोलू नका."

तो बसला. काय बोलला नाही.

सकाळी सातला नेली. खालच्या मजल्यावर खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या. रुपाली एका रांगेत बसली, तो दुसऱ्या. मधे कुणाकुणाचे नातेवाईक येऊन बसायचे, डबे उघडायचे, जायचे. नऊ वाजता सीतारामला वाटलं आता हाड कापत असतील. दहा वाजता वाटलं आता हृदय थांबवलं असेल. थांबवलेलं परत चालू होतं का, हे त्यानं काल बाईंना विचारलं नव्हतं. त्याच्या छातीतलं मात्र थांबायचं नाव घेईना, कानात वाजत होतं. अकराला रुपालीच्या नवऱ्यानं, अमृतनं, वडापाव आणून दिला. सीतारामनं तो तसाच कागदात धरून ठेवला. हात तेलकट झाले.

दीडला बाई बाहेर आल्या. टोपीचा वळ कपाळावर उठलेला.

"हृदय चालू झालंय. जरा वेळ घेतला, पण झालं."

रुपाली पुढं आली.

"मोठा तुकडा निघाला. डावीकडचा एक निघाला. एक अगदी टोकाच्या फांदीत आहे, तो सोडला. तिथवर जायचं म्हणजे जास्त धोका. तो राहील आत. बघायचंय?"

प्लास्टिकच्या डबीत होतं. बोटाएवढं, पांढरं, दोन ठिकाणी फुटवे फुटलेलं. आणि त्याला सगळीकडनं लालसर कातडं चिकटलेलं, मुळीनं दगड धरावा तसं.

"हे बघा कसं धरलं होतं. सुरीनं एकेक कड सोडवावी लागली," बाई म्हणाल्या. "काल फास घालून ओढलं असतं तर टेबलावरच गेल्या असत्या."

हे त्या सीतारामकडं बघून बोलल्या, म्हणजे त्याला बरं वाटावं म्हणून. त्यानं रुपालीकडं बघितलं. ती डबीकडं बघत होती.

"आन चवथ्या दिशी आणली आसती तर?" रुपालीनं विचारलं.

बाईंनी डबीचं झाकण लावलं. "तर कदाचित एवढं लागलं नसतं," त्या म्हणाल्या.

अकरा दिवसांनी सोडलं. सरूबाईच्या छातीवर गळ्याखालपासनं टाके, आत हाडाला तारा. सिस्टर तिला व्हरांड्यात चालवायच्या, आणि ती चालायची, खांद्यातनं वाकून, उशी छातीशी धरून. सीताराम मागनं चालायचा. हात लावायचा नाही. एकदा तिचा तोल गेला तेव्हा सुद्धा आधी सिस्टरकडं बघितलं, लावू का म्हणून.

खाली अमृतची गाडी उभी होती. रुपालीनं सगळं ठरवलेलं होतं. आई परंदवडीला येणार. किती दिवस, ते तिनं सांगितलं नाही. गाडीत मागं आई आणि ती, पुढं सामान.

"तुमी लोकलनं जावा," ती बापाला म्हणाली. बऱ्याच दिवसांनी एवढं सलग बोलली.

सरूबाईनं काच खाली केली. "माझी पातळं लागत्याल. रविवारी या... घिऊन."

"आणतो."

"मनानं आणू नका. फोन करा... आन मला इचारा."

गाडी गेली. शिवाजीनगरला तो लोकलमध्ये बसला. दुपारची गाडी, मोकळी होती. घोरावाडीला माणसं उतरली, पुढं डब्यात तो आणि एक भाजीवाली. मळवलीला उतरला, घरी आला, पेटी उघडली. पेटीत सात पातळं होती. इतकी वर्षं ती नेसताना बघितलेली, तरी कुठलं रोजचं आणि कुठलं ठेवणीतलं ते त्याला सांगता येईना. त्यानं फोन लावला. रुपालीनं उचलला, काही न बोलता आईकडं दिला.

"कुठली आणू?"

"त्ये हिरवं..." सरूबाई म्हणाली आणि थांबली.

हिरवी दोन होती. सीतारामनं एक हातात घेतलं. तोंडाशी आलं होतं, "कळलं, काठाचं ना, आणतो." पलीकडनं तिचा श्वास ऐकू येत होता, आत जाताना अडखळणारा. तो पेटीपाशी उकिडवा बसला, फोन कानाला दाबून धरला, आणि तिचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिला.